उस्ता वग्दी भिंतीकडे बघतात

लाकडाशी संबंध नसलेला माणूस दुम्यातमध्ये शोधायचा, तर दवाखान्यात जावं लागेल, आणि तिथंही डॉक्टरच्या मामाचं पलंगांचं दुकान निघेल. अशा गावात उस्ता वग्दी खुर्च्यांच्या पाठी कोरतात. खुर्ची जोडणारे वेगळे, गादी ठोकणारे वेगळे, पॉलिश मारणारे आणखी वेगळे. उस्तांकडे येते ती नुसती पाठ. तिच्यावर ते गुलाब काढतात, वेली काढतात, मनात आलं तर एखादा पक्षीही बसवतात. हल्ली लोकांना सपाट, पुसायला सोप्या खुर्च्या लागतात, हे त्यांना ठाऊक आहे. "पुसायला सोपं तर ताटही असतं. बसा त्यावर," असं म्हणून ते पुढचं पान कोरायला घेतात.

फुटबॉलबद्दल त्यांचं मत याहून निराळं असायचं काही कारण नव्हतं.

आमचा क्लब मसब. दुसऱ्या विभागात खेळतो. पहिल्या विभागाचं नाव निघालं की वयस्कर मंडळी उसासा टाकतात, कारण त्यांनी तो पाहिलेला आहे. मसबची खेळायची एक रीत होती. चेंडू जमीन सोडत नसे. याच्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून पुन्हा याच्याकडे, जणू घरातली वस्तू आहे आणि बाहेर द्यायची नाही. शेवटी ती बाहेरच्याला मिळायचीच, आणि तो एका लाथेत गोल करून मोकळा व्हायचा. आम्ही हरायचो, पण घरी जाताना तिसऱ्या पासबद्दल बोलत जायचो.

मुअल्लिम शहाताच्या कहवाखान्यात या सगळ्याचा एक शिष्टाचार होता. गोल झाला की ओरडायची सगळ्यांना मुभा. पण पास सुंदर पडला तर ओरडायचं नाही. खालच्या आवाजात, लांबवून म्हणायचं, "अल्लाऽऽह." मैफलीत गाणारीनं अवघड जागा अलगद घेतली की जशी दाद जाते, तशी. पहिली दाद उस्ता वग्दींची, मग बाकीच्यांची. कुणी त्यांच्या आधी म्हटलं तर ते सावकाश मान वळवून बघत, आणि त्या माणसाला आपला चहा निवतोय हे आठवे. एकदा आमच्या एका गड्याच्या गुडघ्याला आपटून चेंडू जाळ्यात गेला. सारा कहवाखाना नाचला. उस्ता बसून राहिले. "मोजायला चालेल," एवढंच म्हणाले.

मग एका वर्षी आम्ही तिसऱ्या विभागात जाता जाता वाचलो, आणि क्लबनं कॅप्टन लुत्फींना प्रशिक्षक म्हणून आणलं.

कॅप्टन लुत्फींचं तत्त्व सोपं होतं. गोल खायचा नाही, बाकी देवाची मर्जी. ते आमच्या माणसांना आमच्याच गोलासमोर उभं करत, लग्नातल्या फोटोसाठी करतात तसं. पुढं एकटा इमाद. इमाद म्हणजे रास-अल-बर्रच्या दीपस्तंभापेक्षा जरा बुटका गडी. मागून कुणीतरी डोळे मिटून चेंडू आभाळात मारायचा, आणि दर सामन्यात एकदा तरी तो इमादच्या डोक्यावर येऊन आदळायचाच. एक-शून्य. पुढच्या आठवड्यात पुन्हा एक-शून्य. मसब जिंकायला लागला.

कहवाखान्यात दोन तट पडले. एका तटाचे पुढारी औषधांच्या दुकानाचे डॉक्टर तल्अत; आमच्याकडे औषधवाल्यालाही डॉक्टरच म्हणतात. वयानं चाळिशीचे, पण उस्तांनी त्यांना चड्डीत पाहिलेलं, त्यामुळे डॉक्टरकी लागू पडत नसे.

"औषध गोड आहे का, असं माझ्या दुकानात कुणी विचारत नाही, उस्ता," डॉक्टर म्हणत. "गुण आला का, ते विचारतात."

"गुण आला रे बाबा. पण तोंड कडू झालं त्याचं काय?"

"चूळ भरा."

"कशानं? तुझ्या एक-शून्यानं?"

"गुणतालिका बघा, गुणतालिका. आपण दुसरे आहोत."

"गुणतालिका बघायची तर मॅच कशाला लावता? तोच कागद लावा टीव्हीवर. नव्वद मिनिटं बघत बसू."

उस्तांचं खरं दुखणं झकी होतं. झकी हा त्यांच्याच गल्लीतल्या गादीवाल्याचा पोरगा, बुटका, डावखुरा. चेंडू त्याच्या पायाशी आला की तिथं मुक्काम करायचा. कॅप्टन लुत्फींनी त्याला राखीव खेळाडूंच्या बाकावर बसवला होता, कारण तो बचावात उभा राहिला तर फोटोत दिसत नसे. "या डोळ्यांनी मसबला एकदा परत आपल्यासारखं खेळताना बघायचंय," उस्ता म्हणत. "एकदाच. मग खुशाल पलंग विका."

असंच एकदा आमचे दहाजण आमच्याच कॉर्नरच्या झेंड्याशी चेंडू दाबून वेळ काढत होते, आणि डॉक्टरांचा तट टाळ्या पिटत होता. उस्ता उठले. आम्हाला वाटलं, चालले. पण गेले असते तर गावानं 'उस्तांनी क्लब सोडला' म्हटलं असतं, आणि तसं तर मरेपर्यंत व्हायचं नव्हतं. त्यांनी खुर्ची उचलली, फिरवली, पडद्याकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. भिंतीवर एका चहा कंपनीचं कॅलेंडर होतं. ते त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं.

आम्ही जिंकलो. पुढच्या सामन्याला त्यांनी पुन्हा तेच केलं. पुन्हा जिंकलो. असं बरेच आठवडे चाललं. आमचं मैदान दुरुस्तीसाठी बंद आहे. नक्की काय मोडलंय हे अजून ठरलेलं नाही, म्हणून घरचे सामनेही परगावी होतात आणि सगळा मसब आम्हाला मुअल्लिम शहाताच्या पडद्यावरच भेटतो. उस्तांना मात्र तेवढाही भेटेना. आपला निषेध क्लबला जिंकवतो आहे, हे त्यांच्याखेरीज सगळ्यांच्या ध्यानात आलं होतं.  शकुनावर आमच्यापैकी कुणाचाच विश्वास नाही, आणि विश्वास नसलेल्या गोष्टीची चर्चा करून ती बिघडवायची कशाला?

मग एका दुपारी समालोचक म्हणाला, "मसबच्या बाजूनं बदल. मैदानात येतोय झकी." उस्ता गर्रकन वळले. त्यांनी झकीला मैदानात पाय ठेवताना पाहिला, आणि त्याच क्षणी आमच्या बचावातल्या एका सज्जनानं चेंडू आमच्याच गोलात घातला. शून्य-एक. हरलो.

 मुअल्लिम शहाता गल्ल्यामागून आला. दोन माणसांच्या मापाचा माणूस, पण तेव्हा अगदी हळुवारपणे त्यानं उस्तांची खुर्ची उस्तांसकट धरली आणि भिंतीकडे वळवली.

"मुअल्लिम, हे काय?"

"काही नाही, उस्ता. ऊन येत होतं डोळ्यांवर."

"बाहेर ढग आहेत."

"येईल. ऊन येईल."

त्या दिवसापासून निषेधाची नेमणूक झाली. सामन्याच्या दिवशी ती खुर्ची भिंतीकडे तोंड करून तयार असे, वर उशी, शेजारी चहा, आणि चहाचे पैसे घेत नसत. उस्तांनी खूप सांगून पाहिलं. आपण निषेध मागे घेतला आहे, कॅप्टन लुत्फींना मोठ्या मनानं माफ केलं आहे, असंही जाहीर केलं. लोक म्हणाले, माफी वळूनच द्यायला पाहिजे असं नाही. कॅलेंडरच्या गुळगुळीत कागदात पडद्याचं प्रतिबिंब दिसतं असा शोध त्यांना लागला, तर मुअल्लिमनं त्यावर टॉवेल टांगला. घरी बघावं तर घरात बायको, उम्म हिशाम. तिचे तिन्ही भाऊ मसबवाले.

"तुम्ही एवढी वर्षं म्हणताय ना, निकालाचं काही नाही म्हणून?" ती म्हणाली. "मग बघितलं काय, न बघितलं काय. माझे भाऊ तरी खूश राहू देत."

तेव्हापासून उस्ता कहवाखान्यात जाऊन टॉवेलाकडे बघत बसू लागले.

हंगामाचा शेवटचा सामना आला. जिंकलो तर पहिला विभाग. बरोबरी झाली तरी पुढल्या वर्षी पुन्हा हेच. गावातल्या करवती दुपारीच थांबल्या, आणि ज्यांना खुर्ची मिळाली नाही ते आपापल्या दुकानातून विकायला ठेवलेल्या खुर्च्या घेऊन आले. सगळ्यांच्या मागे, भिंतीकडे तोंड करून, एकटे उस्ता वग्दी. समोर भिंत असल्यामुळे त्यांना फक्त आमचे आवाज होते.

बातमी वाईट होती. इमादला ताप. बचावातले दोघे जायबंदी. फोटो पुरा होईना. मध्यंतरापूर्वीच आम्ही गोल खाल्ला. डॉक्टर तल्अतांनी डोकं धरलं. उत्तरार्धात कॅप्टन लुत्फींनी बाकाकडे पाहिलं, आणि तिथं जे उरले होते त्यांना आत ढकललं. त्यात झकी होता. आभाळात चेंडू मारून उपयोग नव्हता, कारण तिथं आता कुणी नव्हतं. तेव्हा ती पोरं, दुसरं काहीच येत नसल्यामुळे, गल्लीत खेळतात तशी खेळायला लागली.

थोडा वेळ कुणाला कळलंच नाही. मग मागच्या रांगेतून, हज करून आलेल्या मासेवाल्या हग्ग सुबहीच्या तोंडून, चोरी करताना निघावा तसा आवाज निघाला, "अल्लाऽऽह."

उस्तांची मान ताठ झाली. कुणी आधी बोललं म्हणून मागे बघायची त्यांची जुनी सवय. मान अर्धी वळली आणि तिथंच थांबली.

"खबरदार, उस्ता," मुअल्लिम म्हणाला.

"मी काही केलं नाही."

पुन्हा एक पास. पुन्हा, या वेळी पाच-सहाजणांकडून, "अल्लाऽऽह." मग अर्ध्या कहवाखान्याकडून. उस्तांच्या मांडीवरचे हात कोरताना हलतात तसे हलत होते. मग सगळेच ओरडले, तेव्हा त्यांना कळलं की बरोबरी झाली.

आणि मग एक गोष्ट झाली, जी मी प्रत्यक्ष पाहिली नसती तर मानली नसती. डॉक्टर तल्अत उठून उस्तांपाशी गेले.

"उस्ता, वळा."

"काय?"

"वळा म्हणतो. बघा. हे तुमचंच आहे. सालभर थांबलात यासाठी."

"आणि वळल्यावर गोल खाल्ला तर?"

"खाल्ला तर खाल्ला."

"डॉक्टर!" मुअल्लिम म्हणाला. औषधवाल्यानं स्वतःच विष विकावं असा त्याचा चेहरा झाला.

उस्तांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. "नको," ते म्हणाले. "एवढी वर्षं छान खेळून घरी गेलो. आज जिंकू दे त्यांना. तू सांग. चेंडू कुणाकडे आहे?"

"आपल्याकडे. डावीकडे दिला. आता मध्ये. आता परत—"

"कुठल्या पायानं दिला?"

"पायानं... पायानंच दिला."

"डावा की उजवा?"

"ते बघितलं नाही, उस्ता."

"मग बघतोयस काय तिथं? कोण पुढं धावतोय? चेंडू नसलेला कोण धावतोय ते सांग."

डॉक्टरांनी जन्मात कधी चेंडू नसलेल्या माणसाकडे पाहिलं नव्हतं. ते वाकून पाहू लागले. "झकी धावतोय. नाही, झकीनं सोडला. चेंडू सोडून दिला त्यानं, पायांमधून जाऊ दिला. मागच्यानं घेतला. आता झकी आत शिरलाय, कुणाचं लक्ष नाही त्याच्यावर, उस्ता, कुणाचंच नाही—"

तिथं डॉक्टर थांबले. चेंडू परत झकीकडे आला होता. गोलरक्षक एका बाजूला झेपावला, झकीनं पाय उचलला, आणि मारला नाही. वाट पाहिली. मग दुसऱ्या बाजूनं, दार हळू लोटावं तसा, चेंडू आत लोटला.

सगळ्या कहवाखान्यातून एकच दाद गेली, खालच्या आवाजात, लांबवलेली. मासेवाला, मुअल्लिम, रस्त्यावर उभे असलेले, सगळे. ओरडलं कुणीच नाही. ओरडायचं आम्हाला सुचलंच नाही.

टॉवेलाकडे तोंड करून बसलेल्या माणसाला त्या आवाजावरून एवढंच कळलं, की काहीतरी फार सुंदर झालं. ते वाट बघत राहिले.  शेवटी, ज्या माणसानं आयुष्यात निकाल विचारला नव्हता, त्यानं विचारलं, "अरे, गेला का आत? कुणीतरी सांगा. गोल झाला का?"

तेव्हा कुठं कहवाखान्याला कंठ फुटला.

उरलेली मिनिटं उस्ता हलले नाहीत. शिट्टी झाली तेव्हा मुअल्लिमनं स्वतः त्यांची खुर्ची फिरवली. पडद्यावर तोवर रंगाची जाहिरात लागली होती. एक बाई भिंत रंगवत होती. उस्तांनी ती पाहिली. मग लोकांनी त्यांच्या गालांचे इतके मुके घेतले की चष्मा हरवला. हलवायानं परातभर मिशब्बक पाठवली, जिलबीला दुम्यातमध्ये जन्म मिळाला असता तर तिचं जे झालं असतं ते. रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न तालात वाजायला लागले.

हग्ग सुबहीनं मोबाइल पुढं केला. "हा घ्या, उस्ता. गोल. पुनःपुन्हा बघा."

उस्तांनी तो हातानं बाजूला सारला. "उद्या. आधी तुम्ही सांगा."

मग टेबलावरचे चहाचे ग्लास मैदान झाले. साखरेचा डबा गोल. हग्ग सुबहीनं झकी उजवीकडून आणला, मुअल्लिमनं त्याला डावीकडे उचलून ठेवला. दोघांचं जुंपलं.

"झकी उजवीकडून येणारच नाही," उस्ता म्हणाले. "आला असता तर सोडलेला चेंडू मागच्याला डाव्या पायावर मिळाला असता, आणि त्याला डावा पायच नाही."

"मी डोळ्यांनी पाहिलं, उस्ता."

"पाहिलंस रे. मी कुठं नाही म्हणतो? पण सांगता येत नाहीये तुला."

डॉक्टर तल्अत पुढं सरकले. त्यांनी दोघांचे हात टेबलावरून बाजूला केले, सगळे ग्लास गोळा केले आणि एकेक करून मांडायला लागले. एक ग्लास त्यांनी कुणाच्याच जवळ नाही असा, लांब कोपऱ्यात ठेवला.

"हा कोण?" हग्ग सुबहीनं विचारलं. "याच्याकडे तर चेंडू आलाच नाही."

"गप्प बसा, हग्ग," डॉक्टर म्हणाले. "तोच महत्त्वाचा आहे. उस्ता, इकडे या. पहिल्या पासपासून सांगतो."