आपांची कोरी बटणं

शाळेच्या ऑफिसात बसून मी परीक्षेच्या बैठकव्यवस्थेचे कागद खोल्यांप्रमाणे लावत होते, तेव्हा इम्तियाजचा फोन आला. इम्तियाज हा मला टायपिंग शिकवणाऱ्या मेहरआपांचा भाचा. जुन्नरला आपांच्या घराच्या पुढच्या गाळ्यात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. फोनवर तो आधी थट्टा करतो, मग कामाचं बोलतो. त्या दिवशी थट्टा आली नाही. "शालनताई, फुफी गेली," एवढंच म्हणाला. सकाळी चहा घेऊन आपा जरा आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. मी हातातले कागद पुरे लावले, शिपायाकडे किल्ल्या दिल्या आणि घोडेगावच्या स्टँडवर येऊन जुन्नरची गाडी धरली. तिकिटासाठी पर्स उघडली तर आठवड्याच्या कामांची चिठ्ठी वर आली. दर रविवारी मी अशी चिठ्ठी करते. त्यात शनिवारपुढे लिहिलेलं होतं : आपा, वायरीला टेप. टेपची गुंडाळीही पर्समध्येच होती...

आपांकडे मी पहिल्यांदा गेले ती बारावीनंतर. शिनोलीहून घोडेगाव, तिथून जुन्नर, अशा दोन गाड्या करून. आमच्याकडच्या पोरींना तेव्हा दोनच वाटा सांगितल्या जात, डी.एड. नाहीतर टायपिंग, डी.एड.ला माझा नंबर लागला नव्हता. आपांच्या क्लासमध्ये टाइपरायटरांची एक रांग होती आणि खडखडाट असा की रस्त्यावरच्या माणसालाही ओरडून बोलावं लागे. पण माझ्या लक्षात राहिले ते रुमाल. येताना प्रत्येकीने घरून एक मोठा रुमाल आणायचा, त्याची एक कड मशीनला कपड्यांच्या चिमट्यांनी लावायची आणि दुसरी आपल्या मनगटांवर सोडायची. हात झाकलेले, नजर पुस्तकावर. रुमालाचं टोक हळूच उचलून मी बटणं बघायची, आणि पाठीमागून आवाज यायचा, "शिनोली! बोटांकडं काय बघतीस? पळून जात्यात व्हय ती?" सगळा वर्ग हसायचा. पहिले काही महिने मला नावच नव्हतं, गाव होतं. पहिली परीक्षा पास झाले त्या दिवशी आपांनी मला शालन म्हटलं.

पुढे शाळेत नोकरी लागली, लग्न होऊन घोडेगावला आले, पण जुन्नरला काही काम निघालं की आपांकडे चक्कर ठरलेली. मध्ये कधीतरी टाइपरायटर गेले आणि क्लासमध्ये पहिला कॉम्प्युटर आला. पुण्यातल्या कुठल्याशा कंपनीने मोडीत काढलेला, जुनाच. त्याच्याबरोबर आलेला कीबोर्ड पाटासारखा जड होता. बटणं उंच, दाबली की खट्ट वाजणारी. आपांना तो टाइपरायटरचा धाकटा भाऊ वाटला असावा. त्यांनी पॉलिश पेपर घेतला आणि बटणांवरची सगळी इंग्रजी अक्षरं घासून काढली. आता रुमालाचीही गरज नाही, म्हणाल्या, बघायचं तर बघा. नंतर कॉम्प्युटर बदलत गेले, कीबोर्ड तोच राहिला. त्याचा गोल, जाड प्लग नव्या मशीनमध्ये बसेना तेव्हा मध्ये एक छोटी जोडणी लावून त्यांनी तो चालवला. क्लास बंद पडला तरी आपा अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिकांचे मजकूर टाइप करून देत राहिल्या. लग्न त्यांनी केलं नाही. "मशीनशी निकाह झालाय माझा, सवत नको," असं म्हणून विषय बंद करायच्या.

मग काचबिंदूने त्यांचे डोळे खाल्ले. आधी कडा गेल्या, मग मधलंही धूसर झालं, शेवटी उजेड आणि अंधार एवढंच उरलं. तरी काम थांबलं नाही. गिऱ्हाईक तोंडाने सांगायचं, आपा टाइप करायच्या, गिऱ्हाईकच पडद्यावरचं वाचून दाखवायचं. चूक निघाली तर चहा आपांचा, नाही निघाली तर चहा गिऱ्हाइकाचा. बहुतेक वेळा गिऱ्हाईकच चहा सांगायचं.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर जुना कॉम्प्युटर कायमचा बसला. इम्तियाजने हौसेने नवा आणला, सोबत पातळ, सपाट कीबोर्ड. नव्या मशीनला ती जुनी जोडणी लावूनही बसेल असं गोल भोकच नव्हतं. मी त्या दिवशी नेमकी तिथे होते. येडगावचे एक म्हातारे गृहस्थ अर्ज करून घ्यायला आले होते. आपांनी टाइप केलं आणि म्हणाल्या, "वाचा, पावणं." ते पडद्याकडे बघत राहिले. मीही बघितलं. सगळी अक्षरं एक एक घर सरकलेली, एक शब्द लागत नव्हता. सपाट बटणांवर बोट कुठे टेकलंय ते आपांना कळतच नव्हतं. म्हातारे भले होते. "असू द्या आपा, उद्या येतो," म्हणाले आणि पायऱ्या उतरले. त्यांच्या वहाणा करकर वाजत रस्ता ओलांडून समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेल्या. ते मला दिसलं. आपांना ऐकू आलं.

त्यांनी हात बटणांवरून उचलून मांडीवर ठेवले. मग म्हणाल्या, "डोळं गेलं तवा मी रडले न्हाई, शालन. बोटं व्हती. आता ती बी गेली म्हनायची..."

मी रडणाऱ्याजवळ बसून राहणारी बाई नाही, मला काहीतरी करायला लागतं. परतीच्या गाडीतच मी कागदावर कामं लिहिली. पहिलं काम, प्लग बदलणारी जोडणी. ती पुण्याहून मागवली, लावली, काही झालं नाही. कीबोर्डवरचे दिवे एकदा लुकलुकले आणि विझले. असल्या जुन्या वस्तूंचा नाद असलेल्या लोकांना इंटरनेटवर विचारत विचारत कळलं ते असं : जुना कीबोर्ड जास्त वीज खातो आणि त्याची बोलीही जुनी, ती या स्वस्त जोडणीला झेपत नाही. मध्ये एक दुभाष्या बसवावा लागतो. काडेपेटीत मावेल एवढी सर्किटची पट्टी असते, तिच्यात प्रोग्रॅम भरायचा. ती एका बाजूने कीबोर्डचं ऐकते आणि दुसऱ्या बाजूने नव्या कॉम्प्युटरला त्याच्या भाषेत सांगते. इम्तियाजला हे सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, एवढ्यात फुफीला चार नवे कीबोर्ड येतील." मी म्हटलं, "आणि बोटं? ती कुठून आणशील?" त्यावर त्याने वायरींना डाग द्यायची सोल्डरिंगची इस्त्री तापायला लावली.

कोणत्या रंगाची वायर कुठे, ते मी वाचायचं आणि त्याने डाग द्यायचा, अशी वाटणी झाली. पहिल्यांदा दोन वायरींची अदलाबदल झाली, पडद्यावर शुकशुकाट. आतल्या खोलीतून आपा, "दोघं मिळून माझ्या मशीनचा जीव घेनार हायेत!" दुसऱ्यांदा वायरी नीट लागल्या. इम्तियाजने कोरं बटण दाबलं, खट्ट वाजलं, पडद्यावर अक्षर उमटलं. तो माझ्याकडे बघून असा हसला की जणू तारच पोचली दिल्लीला.

मला वाटलं, आता हा कीबोर्ड आपांच्या हातात द्यायचा तर स्वच्छ करून द्यावा. वर्षानुवर्षांची धूळ, खडूची पूड, लाडवाचे कण त्यात साठले होते. मी तो घरी आणला. बटणांवरच्या टोप्या एक एक करून उपसल्या, साबणाच्या कोमट पाण्यात घातल्या, जुन्या टूथब्रशने घासल्या, फडक्यावर पसरून गच्चीवर वाळवल्या. वाळल्यावर परत बसवायला घेतल्या तेव्हा लक्षात आलं, सगळ्या कोऱ्या! कुठली कुठे ते कशावरून कळणार? मग विचार केला, कोऱ्याच आहेत तर काय फरक पडतो? प्रत्येक ओळीच्या टोपीचा उतार वेगळा असतो, तो बघून वरच्या ओळीच्या वर, खालच्या खाली, अशा लावल्या आणि शनिवारी डबा घेऊन जावं तशा ऐटीत जुन्नरला घेऊन गेले.

आपांनी बोटं ठेवली. उचलली. पुन्हा ठेवली. चेहरा असा झाला की मला वाटलं, वायर तुटली.

"ह्यो माझा न्हाई," त्या म्हणाल्या.

"तुमचाच आहे आपा. धुतलाय फक्त."

"धुतलाय का? तरीच." मग हसायला लागल्या, पण हसू पुरतं आलं नाही. "अगं बाई, तू माझं घर झाडलंस आन् भांडी शेजारनीच्या फळीवर लावलीस. ह्या क वर माझं बोट घसरायचं. इथं कुनाचं तरी नवं कोरं बटन बसलंय."

मी हात लावून बघितला. टोप्या मला सगळ्या सारख्याच लागल्या. आपांनी इम्तियाजला सांगून सगळ्या पुन्हा उपसायला लावल्या आणि स्वयंपाकघरातून सूप मागवलं. टोप्या सुपात ओतल्या, सूप मांडीवर घेतलं आणि तांदूळ निवडायला बसावं तशा त्या निवडायला बसल्या. एक टोपी उचलायची, तिच्यावरून बोट फिरवायचं, झिजेचा खळगा कुठे आहे, कुठली कड गुळगुळीत झालीये, ते चाचपायचं. "ही र ची. हिला माझ्या नखाचा चरा हाय." "ही काना. सगळ्यात जास्त राबली बिचारी." "ही कुनाची बरं... थांब, थांब, ही ढ ची, हिला कोन ईचारतंय, अजून कुवारीच हाय!" त्या नाव घ्यायच्या, मी टोपी जागेवर बसवायची. अधूनमधून चुकायच्या, दोन टोप्या हातात धरून तोलायच्या, आधी बसवलेली परत काढायला लावायच्या. इम्तियाजने दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला दोनदा "अर्ध्या तासाने या" म्हणून परत पाठवलं. सूप रिकामं झालं तेव्हा आपांनी बोटं ठेवली, आणि या वेळी उचलली नाहीत. थेट टाइप करायला लागल्या. काय टाइप केलं ते मी वाचलं : "शिनोलीच्या पोरीला आता चहा द्या."

ते येडगावचे गृहस्थ पुढे एकदा आले. आपा पायऱ्यांवरचा आवाज ऐकूनच म्हणाल्या, "या पावणं. मागल्या बारीला समोर गेला व्हता नव्हं? वहाना लई वाजत्यात तुमच्या." म्हातारे ओशाळले. अर्ज बिनचूक निघाला आणि चहा त्यांनी सांगितला. त्यानंतर आपांनी जवळजवळ अखेरपर्यंत काम केलं. मधुमेहाने पाय सुजले, मग त्यांना खुर्चीवर बसवेना. इम्तियाजने कीबोर्डची वायर लांब करून पलंगापर्यंत नेली. ती लांब केलेली वायर एका जागी सोलवटली होती. मागच्या भेटीत मी म्हटलं होतं, "पुढच्या शनिवारी टेप आणते." आपा म्हणाल्या, "आन. पन धुवायला काय आनू नगंस."

त्या दिवशी मी पोचले तेव्हा घर बायकांनी भरलं होतं. संध्याकाळच्या आत दफनविधी झाला. पुरुष कबरस्तानात गेले, आम्ही बायका घरीच बसलो. मला तिथे करायला काहीच काम नव्हतं. पलंग भिंतीला सरकवलेला होता, वायर गुंडाळून कोणीतरी खिळ्याला टांगली होती...

चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर इम्तियाजने कीबोर्ड माझ्या हवाली केला. "दुकानात ठेवला तर कुनी बी ठोकत बसंल," म्हणाला. आता तो घोडेगावला माझ्या टेबलावर आहे, त्या दुभाष्या पट्टीसकट, आणि चालतो. सोलवटलेल्या वायरीला मी टेप लावली. तेवढं काम झालं. घरातली प्रत्येक वस्तू मी पुसते, हे माझ्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. परवा सुनेने फडकं ओलं करून त्या बटणांकडे हात नेला तेव्हा मी तिचं मनगट धरलं. ती दचकली. मग मी तिला बसवलं, तिचं बोट धरून क वर टेकवलं आणि विचारलं, "खळगा लागतोय?"

"नाही आई, सगळी सारखीच आहेत."

मी माझंही बोट ठेवून बघितलं. मलाही अजून नीट लागत नाही. आपांचं बोट माझ्यापेक्षा जरा डावीकडे टेकत असावं.