मेहुण्याच्या मशीनला चंदनाचं तेल

तारमुजीला मेहुण्याचा मत्सर वाटत होता, आणि तो मत्सरच आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. जावा बेटावरच्या तेगल गावातल्या त्या गल्लीत घरोघरी ओसरीवर लेथ नाहीतर ड्रिल होतं, पण पोलादाच्या भोकात आटे पाडायचे म्हटलं की सगळे तारमुजीच्याच दारात यायचे. हँडलात टॅप, म्हणजे आटे कापणारी दातेरी कांडी, धरून तो हाताने फिरवायचा, जरा पुढे, किंचित मागे. किस कधी अडकला ते त्याच्या मनगटाला आधी कळायचं. त्याच्या हातून टॅप मोडलेला कुणाला आठवत नव्हता, आणि ही गोष्ट कुणी विसरलंच तर तो स्वतः आठवण करून द्यायचा.

आणि आता बायकोच्या धाकट्या भावाने, वासदीने, बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या भंगारातून आटे पाडायचं मशीनच उचलून आणलं होतं. दांडा खाली ओढला की टॅप फिरत आत जाणार, वर उचलला की उलटा फिरत बाहेर येणार.

"तुझ्या भावाला गंज विकत घ्यायचा नाद लागलाय," तारमुजी बायकोला म्हणाला.

पण वासदी चिवट निघाला. त्याने रॉकेल घालून घालून गंज काढला, मोटर भरून आणली. मोटरीचं फिरणं टॅपकडे पोचवणाऱ्या आतल्या कोनावरचं, म्हणजे शंकूवरचं, चामडं कुजलं होतं. ते खरवडून, सावल्यांच्या खेळातल्या बाहुल्या कोरणाऱ्या म्हाताऱ्याकडून त्याने म्हशीचं कातडं आणलं आणि बसवलं. या कातड्याची पकड होती म्हणूनच टॅप फिरायचा. शेवटी हिरवा रंग देऊन त्याने अख्ख्या गल्लीला पितळेत आटे पाडून दाखवले.

"बघा, बघा!" रोकायाह नवऱ्याला म्हणाली. "तुमचं एक होईस्तोवर त्याची चार होतायत."

"पितळ म्हणजे लोणी. त्यात मी दातांनीसुद्धा पाडीन."

संध्याकाळी मातीच्या किटलीतला चहा आला. तळाची खडीसाखर ढवळायची नसते, तिची ती विरघळू द्यायची, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. तारमुजीने चमचा घालून खळखळ ढवळली.

"चहाने काय घोडं मारलंय तुमचं?" रोकायाहने विचारलं.

तो ढवळतच राहिला. गल्ली उद्यापासून त्या हिरव्या डबड्याकडे वळणार, आणि आपल्याला कुणी विचारणार नाही, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत होतं.

सुरो, म्हणजे जावातल्या वर्षाचा पहिला महिना, लागला. त्या महिन्यात वडिलार्जित कट्यारीला चंदनाचं तेल लावतात, तसंच कारागीर आपल्या हत्यारांनाही लावतात, आणि तो मान घरातल्या वडीलधाऱ्याचा. वासदी बोलवायला आला.

"कांग, माझ्या मशीनला तुमचाच हात लागायला हवा."

कांग म्हणजे थोरला भाऊ. ती हाक ऐकून तारमुजीला आणखीच झोंबलं. तरी तो गेला.

फुलं वाहिली, पिवळा भात मांडला. तारमुजीने दांड्याला तेलाचं बोट लावलं, मोटरीला लावलं. दुआ सुरू झाली तशा सगळ्यांच्या माना खाली गेल्या. त्याने मशीनचं झाकण सरकवलं आणि कुपीतलं उरलेलं तेल कोनावरच्या कातड्याला चोळून टाकलं. तेलकट कातडं पकडणार नाही. फिरू दे नुसतंच गरगरा. त्या दिवशी सगळ्यात मोठ्याने आमीन त्यानेच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी चेहऱ्यावर काळजी आणून तो मजा बघायला गेला. ओसरीत ही गर्दी. वासदी बोटीच्या पंपाचे पोलादी तुकडे एकामागून एक लावत होता. टॅप अडला की कोन जरासा घसरायचा, वासदी दांडा उचलायचा आणि टॅप धडधाकट बाहेर यायचा. तारमुजीचं तोंड उतरलं.

"कांग, या!" वासदीने एक डबा त्याच्यापुढे उपडा केला. मोडलेल्या टॅपचा ढीग पडला. "पितळेत चालायचं हो, पण पोलादात गेलं की टॅप तटकन मोडायचा. कातडं पार खडखडीत, एकदा धरलं की सोडायचंच नाही. दार लावून रडायची वेळ आली होती. तुम्हाला तर कुठल्या तोंडाने सांगणार? आणि आज बघतो तर कातड्याने तेल पिऊन टाकलेलं, मऊसूत!"

"हाताला यश आहे बुवा," लेथवाला शेजारी म्हणाला. "कांग, उद्या माझ्याकडे पण या."

तारमुजीला ते सोसवेना. आयुष्यात एक वाईट काम मन लावून केलं, तर तेही मेहुण्याच्याच कामी आलं.

"कसलं यश!" तो ओरडला. "बंद पडावं म्हणून चोळलं होतं मी तेल!"

गल्ली खो खो हसली. "मोठेपणा द्यावा तर तोही घेत नाहीत!" म्हणत रोकायाहने डोळे पुसले.

वासदी हसला नाही. त्याने तारमुजीकडे नीट पाहिलं, हात पुसले आणि जवळ येऊन हळूच म्हणाला, "पुढच्या सुरोलाही तुम्हीच या, कांग. फक्त थोडं कमी चोळा."

तारमुजीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मशीनचा मत्सर त्याने एकवेळ गिळला असता. आता त्याला या पोराच्या मोठ्या मनाचाही मत्सर वाटू लागला.