चारी चाकं जुपलेली गाडी

माझं तोंड वाईट आहे, हे मला कुणी सांगायला नको. लोणीला माहेरी होते तेव्हापासून ऐकतेय. लग्न होऊन निमगाव सावात आले, वीस वर्षं झाली, तरी ते काही सुधारलं नाही. सासू-सासऱ्यांनी ते सोसलं, एवढंच. सासऱ्यांना मी मामा म्हणते, सासूबाईंना आत्या म्हणायचे. नवरा चाकणला कंपनीत, शनिवारी येणार आणि रविवारी परत जाणार. म्हणजे घरात आम्ही तिघं आणि दारात ती गाडी.

गाडी मामांनी आत्यांसाठीच घेतली होती. आत्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या, आणि दर मंगळवारी आणि शुक्रवारी मंचरला डायलिसिस सुरू झालं. आमचं घर मळ्यात. दारापासून डांबरी रस्त्यापर्यंत अर्धा किलोमीटर काळ्या मातीची वाट. पाऊस झाला की त्या वाटेवर साधी गाडी रुतलीच म्हणून समजा. चारही चाकं ओढणारी गाडी हवी, असं कुणीतरी मामांना सांगितलं, आणि मामांनी बैल विकले.

साधे बैल नव्हते ते, शर्यतीचे होते. आमच्या भागात घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, गाडा पळतो त्याला चार बैल लागतात. पुढची जोडी जुकाटाची, मागची धुरेची. मामांची सगळी हयात त्या चार बैलांत गेली. घरात आम्हाला शिळं चालायचं, बैलांना नाही. बैल पोचवून आले आणि त्यानंतर दोन दिवस मामा गोठ्याकडं फिरकलेसुद्धा नाहीत. तिसऱ्या दिवशी ही जुनी फोर बाय फोर दारात येऊन उभी राहिली.

गाडीत गिअरच्या शेजारी एक धाकटा दांडा आहे. तो टाकला की पुढची चाकंही ओढायला लागतात. चिखलात टाकायचा आणि डांबरीला लागलं की काढायचा. विकणाऱ्यानं हे नक्की सांगितलं असणार, पण मामांच्या ते डोक्यात उतरलंच नाही. म्हणायचे, "चार हायेत तर चारी जुपायची. जुकाट मोकळं ठिवून धुरेच्या दोघांनी वढायचं, ही कुठली रीत?" झालं. चार चाकं जुपूनच गाडी मंचरला जायची आणि चार चाकं जुपूनच परत यायची. पुढं मामांचे गुडघे धरायला लागले, तेव्हा त्यांनी मला मळ्यातच गाडी शिकवली. त्यांनी जशी शिकवली तशी मी चालवली. त्या दांड्याला मी कधी हातसुद्धा लावला नाही.

गेल्या भाद्रपदात गाडी थरथरायला लागली. जरा वेग घेतला की पायाखालचा पत्रा हलायचा, आणि वळणावर खालून टक्‌ टक्‌ आवाज यायचा. मामा दोनदा म्हणाले, "पोरी, दाखवून घे." मी म्हटलं, बघू. कामं काय थोडी असतात? बटाटा काढणीला आलेला.

मग एका मंगळवारी, डायलिसिस करून निघालो आणि मंचरच्या चौकात वळताना खालून असा दणका बसला की माझ्या जिवाचं पाणी झालं. मागोमाग लोखंड रस्त्यावर फरफटल्याचा आवाज. मागून ट्रक हॉर्न मारतायत, आत्या मागच्या सीटवर डोळे मिटून पडलेल्या, आणि मामा खिडकीतून हात बाहेर काढून लोकांना थांबवतायत. चौघांनी ढकलून गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत नेली.

मेकॅनिक खाली शिरला आणि लगेच बाहेर आला. पुढच्या चाकांना ताकद देणारा शाफ्ट जॉइंटमध्ये तुटला होता. तो हात पुसत म्हणाला, "डांबरीवर फोर बाय फोर टाकूनच चालवता काय राव? कोरड्या रस्त्यावर पुढची आन मागची चाकं एकमेकांशी भांडत्यात. सगळा पीळ ह्या जॉइंटवर येतो. लई दिवस टिकला म्हणायचा."

मामा वाकून गाडीखाली बघायला लागले. माझं मात्र डोकं फिरलं. रस्त्यातली भीती, ऊन, दमलेल्या आत्या, सगळं त्या एका माणसावर निघालं. मी गॅरेजमध्ये, पाच-सहा गडी उभे असताना, ओरडले, "कितीदा सांगायचं तुम्हाला! गाडी आहे ती, बैल नाहीत! आणि बैल तरी काय, असेच ओढ ओढ ओढून मारले असतील तुम्ही!"

कितीदा सांगायचं म्हणे! मी एकदाही सांगितलं नव्हतं. मला तरी कुठं माहीत होतं? दांडा मीही काढत नव्हते, आणि त्या दिवशी गाडी मीच चालवत होते. पण त्या वेळी यातलं काही म्हणता काही आठवलं नाही. मामांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली. एक गडी उगाच हसला. गॅरेजच्या बाकावर आत्या बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

मेकॅनिकनं शाफ्टच काढून ठेवला. नवा पुण्याहून यायला आठवडा जाईल, तोवर मागच्या चाकांवर चालवा, फक्त चिखलात घालू नका, असं तो म्हणाला. आम्ही घरी आलो.

बुधवारी पाऊस सुरू झाला तो गुरुवारभर पडला. संध्याकाळी मी जेवायला वाढत होते तर आत्या म्हणाल्या, "उद्या मला न्हाई जायचं." मी म्हटलं, "असं कसं?" तर म्हणाल्या, "माझ्यापायी बैल गेलं. माझ्यापायी गाडी मोडली. माझ्यापायी ह्यांना चारचौघांत ऐकावं लागलं. आता बास झालं. माझं मी बघंन."

माझं मी बघेन म्हणजे काय, ते आम्हा तिघांनाही कळत होतं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं होतं, पाळी चुकवली तर पाणी फुप्फुसात चढेल. तेव्हाच आत्यांच्या पायांना सूज होती, बोट दाबलं तर खळगा राहत होता. मी कितीतरी बोलले, समजावलं, रागावले, हातापाया पडले. त्या भिंतीकडं तोंड करून झोपल्या. मामा अर्ध्या ताटावरून उठले. मी रात्रभर स्वतःला शिव्या देत पडले होते. एक वाक्य बोलले मी, एकच, आणि हे माणूस जगायचं सोडून देतंय.

सकाळी मामांनीच त्यांना हाताला धरून गाडीत आणून बसवलं. काय बोलले ते मला माहीत नाही. आत्या बसल्या, पण मनानं आलेल्या नव्हत्या. मी गाडी काढली. दोनशे पावलंसुद्धा गेलो नसू, मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि गाडी पार पोटापर्यंत खाली बसली. शेजारचा ट्रॅक्टर बाजारात गेलेला. दुसरा यायला तासभर तरी लागला असता, आणि आत्यांची वेळ अकराची.

आत्या हळू आवाजात म्हणाल्या, "बघा, देवालाच नगं हाय. चला माघारी." त्यांच्या तोंडावर सुटका झाल्यासारखं दिसलं, आणि मला भडभडून आलं.

मामा खाली उतरले. गावातल्या पिकअपवाल्याला फोन करून डांबरीवर यायला सांगितलं. मग आत्यांच्या बाजूचं दार उघडलं, त्यांच्याकडं पाठ केली आणि चिखलात उकिडवे बसले.

"बस."

"अवं, काय हे? सून बघतीय."

"बघू दे."

"गुडघं जातील तुमचं."

"गुडघं माझं हायेत. बस."

डोक्यावरचा पदर सारखा करून आत्या पाठीवर बसल्या. त्यांच्या अंगात तीन दिवसांचं पाणी साचलेलं, त्यामुळं वजन नेहमीपेक्षा जास्त. मामा पहिल्या झटक्याला उठलेच नाहीत. मी धरायला गेले तर म्हणाले, "सर बाजूला." दुसऱ्यांदा दाराला धरून उठले आणि चालायला लागले. तीनदा थांबले, पण त्यांना खाली ठेवलं नाही. आत्यांचं तोंड त्यांच्या मानेशी होतं आणि त्या सारख्या म्हणत होत्या, ठेवा, ठेवा. मी मागून आत्यांच्या चपला आणि दवाखान्याची फाइल घेऊन चालले होते, रडत होते, आणि त्या दोघांतल्या कुणीही मागं वळून बघितलं नाही.

दवाखान्यात पोचलो तर उशीर झालेला. मशीन दुसऱ्याला लावलं होतं. दोन तास बसावं लागलं. आत्यांना धाप लागायला लागली तेव्हा सिस्टरनं खटपट करून त्यांना आत घेतलं. दार बंद झालं आणि मामा बाकावर टेकले. पोटरीपर्यंत चिखल वाळलेला, दोन्ही गुडघे नारळाएवढे सुजलेले.

मी म्हटलं, "मामा, त्या दिवशी मी..."

ते दाराकडंच बघत होते. म्हणाले, "गाडीचं बोललीस ते खरं व्हतं. चूक माझीच व्हती. बैलांचं नव्हतं काढायचं."

"माझं..."

"आता नगं. तिला ऐकू गेलं तर पुन्हा म्हणंल, माझ्यापायी झालं. उठून घरी यील ती. ती हाय तवर हा विषय काढू नगंस."

मी काढला नाही. पुढच्या आठवड्यात शाफ्ट बसला. डांबरीला लागलं की मी दांडा काढायचे आणि मामा मागं आत्यांजवळ बसून ते बघायचे. पुढच्या सीटवर ते परत कधी बसले नाहीत. आत्यांनी मात्र त्यानंतर एकदाही नाही म्हटलं नाही. माघापर्यंत एक मंगळवार चुकला नाही की एक शुक्रवार चुकला नाही. माघात एका सकाळी घरीच त्यांचा जीव गेला, मामांचा हात हातात होता.

आता ऐकून उठून येणारं कुणी नाही. मला हवं तेव्हा विषय काढता येतो. मामा ओट्यावर बसलेले असतात. मी चहा नेऊन देते आणि कप न्यायचाय म्हणून तिथंच उभी राहते. मनात सगळं तयार असतं, अगदी पहिल्या शब्दापासून. ते पावसापाण्याचं दोन शब्द बोलतात, चहा बरा झालाय म्हणतात. चहा संपला की कप माझ्या हातात देतात आणि मी तो घेऊन आत येते.