चौदावं मिनिट

बावीस वर्षं मावशीनं इस्पितळाच्या वॉर्डात काढली. बेडपॅन, चादरी, जखमा धुवायची भांडी, काय म्हणाल ते केलं. सगळे तिला मावशी म्हणायचे, डॉक्टरसुद्धा. आणि मावशीच्या जिभेला हाड नाही, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. "अहो दादा, दिवसभर नुसता चहा ढोसताय, मग मूतखडा नाही तर काय मोती निघणार पोटातून?" असं ती रोग्याला तोंडावर सुनावायची, आणि रोगी हसत हसत पाण्याचा तांब्या जवळ ओढायचे.

पुढे पाठीनं दगा दिला, वाकणं बंद झालं, नोकरी सुटली. घरात बसून भिंती बघत राहणं हा काही तिचा पिंड नव्हे. लेकीनं फोनवर एक जाहिरात दाखवली. हेल्थ कोच व्हा, लोकांना चांगल्या सवयी लावा, दहा महिन्यांचा अभ्यासक्रम. "आई, जन्मभर तू हेच केलंस. आता सर्टिफिकेट तरी घे." मावशी खूश. उपदेश करायचा आणि वर सर्टिफिकेट, आणखी काय हवं माणसाला!

पण पहिल्याच दिवशी माशी शिंकली. बेकरीच्या माडीवरची खोली, बारा खुर्च्या, आणि लेकीपेक्षाही लहान मॅडम. मॅडमनी फळ्यावर लिहिलं: सल्ला द्यायचा नाही, विचारायचं. समोरच्याला त्याचं उत्तर त्याचं त्याला सापडू द्यायचं. टेबलावर एक घंटी होती, दुकानाच्या काउंटरवर असते ना, तसली. सरावात कोणी "तुम्ही असं करा" म्हणालं की मॅडमचा हात घंटीवर. टिंग! पहिल्या महिन्यात निम्म्याहून जास्त वेळा ती मावशीसाठीच वाजली. वर्ग हसायचा, मावशीही हसायची, आणि घरी येऊन डोळे पुसायची. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात," ती लेकीला म्हणायची, "माझी तर मेल्यावरही जायची नाही गं."

पण गेली हो. हट्टाला पेटली बाई आणि घालवली. सातव्या महिन्यापासून मॅडमची घंटी थांबली, कारण ती आता मावशीच्याच कानात बसली होती. सांगायला म्हणून तोंड उघडलं की आतून टिंग.

शेवटची परीक्षा अशी होती: एका खऱ्या माणसाबरोबर सहा भेटी, दर आठवड्याला एक, सगळ्या फोनवर रेकॉर्ड करायच्या, आणि त्यातली सगळ्यात चांगली वाटेल ती लगेच परीक्षकाकडे पाठवायची. मावशीनं धाकट्या भावाला धरलं. तो शिंपी. दिवसभर पायांनी मशीन मारत बसायचा, आणि आठ वर्षांपासून साखर. "म्हणजे तू शिकवणार, मी ऐकणार. लहानपणापासून दुसरं काय चाललंय, ताई?" तो म्हणाला.

"शिकवणार नाही. विचारणार," मावशी ऐटीत म्हणाली.

पहिल्या भेटीत, त्याच्या दुकानात बसून, त्यानंच ठरवलं, रोज सहा हजार पावलं चालायचं. हौसेनं नवे बूट आणले. दुसऱ्या भेटीत कुरकुरला, बूट चावतात, बोटं ठणकतात. तिसऱ्या भेटीला मात्र स्वारी खुशीत. "ताई, आठ हजारांवर गेलो! आणि गंमत म्हणजे आता दुखतच नाही बघ. बूट चावायचेही थांबले."

साखरेच्या माणसाचं दुखणं असं आपोआप थांबलं, म्हणजे पाय बधिर झालाय, आधी बूट काढायचे, बाकीच्या गप्पा मग. हे मावशीला कोणी सांगायला हवं होतं का? असे किती पाय तिनं धुतले होते, किती काळी पडलेली बोटं पाहिली होती! जिभेच्या टोकावर आलंही होतं, काढ बूट, आत्ताच्या आत्ता. तेवढ्यात टिंग. समोर फोनवर रेकॉर्डिंगचा लाल ठिपका लुकलुकत होता. मावशी गोड आवाजात म्हणाली, "अरे वा! हे कशामुळे जमलं असं वाटतं तुला?"

शंका आली तर डॉक्टरकडे पाठवा, हे पुस्तकात होतं. मॅडमनीही सांगितलं होतं. पण ते एकदा सांगितलं होतं, आणि घंटी महिनोन्महिने वाजली होती. रेकॉर्डिंग बंद झालं की पाय बघू, असं तिनं मनाशी ठरवलं. बंद झालं, तेव्हा दुकानात गिऱ्हाईक आलं होतं आणि तो उठून गेला. मावशीही जीभ आवरली म्हणून इतकी हरखली होती, की घरी जाऊन तिनं ती भेट परीक्षकाकडे पाठवून दिली आणि पायाचं विसरली. चक्क विसरली. आजही ती हे कोणापासून लपवत नाही, सांगते आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घेते.

चौथ्या भेटीला त्याच्याकडे कपड्यांची घाई होती, आठवडा वाया गेला. पाचव्या वेळी ती दुकानाच्या दारातच थबकली. तो वास तिच्या ओळखीचा होता. तिनं त्याला खुर्चीत दाबून बसवलं, बूट काढला, मोजा ओढला. जखम हाडाला भिडली होती.

इस्पितळ तेच, वॉर्डही तिचाच. उजवा पाय गुडघ्याखाली काढला. दुखऱ्या पाठीनं मावशी पुन्हा चादरी बदलायला लागली, आता भावाच्या. तिथेच तिसऱ्या दिवशी फोनवर निकाल आला. उत्तीर्ण, वर्गात पहिली. खाली परीक्षकाचा शेरा: तिसरी भेट, चौदावं मिनिट, सल्ला द्यायचा मोह उत्तम आवरला आहे, पुढच्या वर्गांना ऐकवावं असं.

"काय आलं गं?" भावानं विचारलं.

"पास झाले."

"बघ! माझ्यामुळे." तो हसला. मग पांघरूण जिथे सपाट झालं होतं, तिकडे बघत राहिला. "ताई, मी आता काय करू?"

मावशीनं वर पाहिलं.

"विचारू नकोस हं मला काही," तो म्हणाला. "सांग. तू सांगशील तसं करतो."

जन्मभर जगाला सांगत आलेल्या मावशीनं तोंड उघडलं. कानात घंटी वाजली नाही. सांगायला काही सुचलंही नाही.