एनिडचं हेलेबोर

विल्फ्रेड गार्बेट माणूस वाईट नव्हता, पण हात सैल सोडणाऱ्यांतलाही नव्हता. आमच्या श्रॉपशरमधल्या गावात फेब्रुवारीत सगळे त्याचीच बाग बघायला जात. भिंतीच्या उत्तरेला, जिथे ऊन फिरकतही नाही, तिथे त्याच्या बायकोने, एनिडने, हेलेबोर ही हिवाळी फुलझाडं लावली होती. बाकी सगळं गारठून काळवंडलेलं असताना ही फुलायची. त्यातलं एक तिने बी पेरून वाढवलेलं, पाटीसारख्या निळसर काळ्या फुलांचं. तसं दुसरं कुठेच नव्हतं. बियांतून पुन्हा तसंच येत नाही, मुळाचा तुकडाच लावावा लागतो, आणि विल्फने तो कुणालाही दिला नाही. एनिड गेल्यावर तर विचारायचीही सोय राहिली नाही.

त्या जानेवारीत तो सकाळीच माझ्या, शेजारणीच्या, दारात आला. हातात त्या काळ्या हेलेबोरचं एक पान.

"हा चिखलच आहे ना गं?"

मी पान नळाखाली धरलं. शिरांवरच्या काळ्या रेघा तशाच राहिल्या.

"पुन्हा धू."

"विल्फ, पानाची सालं काढू का आता?"

हेलेबोर असं काळं पडतं त्या रोगाला औषध नाही. झाड मुळासकट उपटून जाळायचं, नाहीतर शेजारचीही जातात. हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तरी तो रोज गुडघे टेकून पानं उलटून बघायचा, जेवण ताटात तसंच टाकायचा आणि मला विचारायचा, "आज जरा कमी वाटतंय, नाही?" मला त्याची कीव यायची आणि संतापही. कुणाला एक तुकडा दिला असतास तर आज असा जीव टांगणीला लागला नसता, असं मी त्याला तोंडावर सुनावलं. मग नवा कोंबही काळा निघाला, तेव्हा त्याने फावडं उचललं.

जाळून झाल्यावर हातही न धुता म्हणाला, "चल माझ्याबरोबर. ओल्वेनकडे."

मी उडालेच. ओल्वेन प्राइस एनिडची मैत्रीण, त्यांच्या घरी नेहमी ये-जा असलेली. एनिडला पुरल्यानंतर थोड्याच दिवसांत विल्फला त्या झाडाची मागची बाजू फावड्याने कापलेली दिसली होती, आणि चर्चमधल्या चहाला याने सगळ्यांदेखत ओल्वेनला चोर म्हटलं होतं. ती अवाक्षरही बोलली नव्हती. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

तिने दार उघडलं तशी विल्फने टोपी काढली.

"ओल्वेन, तू ते चोरलंस ना? हो म्हण. देवाशपथ, मी काही बोलणार नाही. फक्त हो म्हण."

"आज चोर हवाय होय तुला?"

"थट्टा नको. माझं गेलं. मी जाळलं."

ती त्याच्या काजळलेल्या हातांकडे बघत राहिली. मग आम्हाला मागच्या अंगणात घेऊन गेली. हेझलच्या झाडाखाली ती निळसर काळी फुलं माना खाली घालून उभी होती. विल्फला हुंदका फुटला. तो पुढे झाला तशी ओल्वेन आडवी आली.

"थांब! आधी हात धू. याला पण मारतोस का?"

तो मुकाट्याने नळाखाली हात चोळू लागला.

"मी चोरलं नाही," ती म्हणाली. "एनिडनेच खणून दिलं. ती आजारी होती तेव्हा."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"काय बोलू? 'विल्फला सांगू नकोस, मला त्याची भीती वाटते,' असं म्हणाली होती ती. नुकतंच तिला पुरून आला होतास तू. हे तुला चारचौघांत सांगू?"

विल्फचे हात थांबले.

"माझी?" त्याने माझ्याकडे वळून विचारलं.

मी फुलांकडे बघत राहिले.