आहुप्याच्या राईतला डावा कौल

देवाधर्माच्या बाबतीत मी मुलखाची संशयी. यजमानांना मात्र जुन्याचं वेड. जुन्नरची लेणी, किल्ले, जिथं म्हणून 'संरक्षित स्मारक' अशी निळी पाटी, तिथं सुट्टीत नारायणगावाहून आमची वरात निघायची. नव्वदच्या दशकातल्या एका दिवाळीत त्यांनी आहुप्याची देवराई काढली. म्हणाले, "तिथं पाटी नाही, देवच राखतो." म्हटलं, बघू तुमचा देव!

राईत चपला काढून जायचं. शेवाळलेल्या खडकावरून यांचा अनवाणी पाय सटकला आणि हे पुरुषभर खाली आपटले. "अगं, पाय जाणवत नाहीत मला," म्हणाले.

माझा आरडाओरडा ऐकून गुरांमागचा एक म्हातारा धावत आला. त्याच्या खांद्यावर घोंगडी होती. मी म्हटलं, "एक दांडा तोडा, झोळी करून नेऊ."

"राईतली काडीबी तोडत न्हाईत, बाई. देवाला इचारतो." त्यानं शेंदूर लावलेल्या दगडावर उजवीडावीकडं दोन फुलं चिकटवली. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. मी किंचाळले, "अहो, माणूस मरतोय आणि फुलं कसली चिकटवताय!"

डावं पडलं. त्या दगडाला मी नको नको ते बोलले. म्हातारा मात्र गावाकडं पळत सुटला. अर्ध्या तासानं चौघांना घेऊन आला, तो खांद्यावर स्वतःच्या घराचं दार घेऊनच. मी म्हटलं, "अहो बाबा, घर उघडं पडलं तुमचं!"

"पडू द्या. पावण्यांची मान तेवढी धरा."

दारावर सपाट निजवून त्यांनी यांना जीपपर्यंत नेलं. मंचरचे डॉक्टर म्हणाले, "मणके मोडलेत, एक मानेचाही. झोळीत दुमडून आणलं असतं तर वाटेतच गेले असते." मी तिथंच फरशीवर बसून ढसाढसा रडले.

पाय गेले ते गेलेच. नऊ वर्षं अंथरुणावर काढली त्यांनी, हाल कुत्रा खाणार नाही असे. मीही करवादले, थकले, कधी कधी त्यांचं मरण मागितलं, खोटं कशाला बोलू! पण नऊ वर्षं माझ्या घरात मला हाक मारणारं माणूस होतं. त्या दिवशी देवानं माझं ऐकलं असतं, तर राईतून मी एकटीच परतले असते. देवाकडं मी अजूनही मागते. कसं द्यायचं, ते मात्र आता सांगत नाही.