बाहेर जाण्याची वही

आमच्या लंडनमधल्या वेम्बलीच्या म्हाताऱ्यांच्या इमारतीत दाराजवळ एक वही असते. बाहेर जाताना वेळ आणि सही, परत आल्यावर पुन्हा वेळ आणि सही. आग लागली तर आत कोण आहे ते कळावं म्हणून. आम्ही निम्म्या वेळा विसरतो. माझ्या समोरच्या खोलीतला क्रिमियाचा तातार जमातीचा म्हातारा मात्र कोटावर दोन पदकं लावून, ताठ उभा राहून सही करायचा.

पदकं लढाईतली. हा रशियाकडून जर्मनांशी लढत होता तेव्हा मागे त्याच रशियाच्या सरकारने क्रिमियातले सगळे तातार गद्दार ठरवले आणि आगगाडीत गुरांच्या डब्यांत कोंबून उझबेकिस्तानात नेऊन टाकले. लढाई संपल्यावर यालाही पदकांसकट तिकडेच धाडलं. तिथे दर महिन्याला अधिकाऱ्यापुढे सही करायची, विचारल्याशिवाय गाव सोडायचं नाही. याचा भाऊ न विचारता शेजारच्या गावी आजारी आईला बघायला गेला, तो तुरुंगातून परत आला नाही. हे त्यानेच मला मोडक्या इंग्लिशमध्ये सांगितलं होतं. म्हणजे मला ठाऊक होतं.

तरी एकदा तो सही विसरून बागेत गेला तेव्हा मी म्हटलं, "तुझी तक्रार वर गेली. आता परत पाठवतील तुला."

चहाला बसलेले सगळे हसले. मीही हसले. म्हातारा दोन दिवस जेवायला खाली आला नाही.

पुढे एका शनिवारी वही भरली. मॅनेजरबाई नवी वही ऑफिसात कुलपात ठेवून घरी गेल्या. रविवारी त्याची नात टॅक्सी घेऊन आली. त्याची मुलगी स्टॅनमोरजवळच्या हॉस्पिटलात शेवटचे श्वास घेत होती. वीस मिनिटांचा रस्ता.

"आजोबा, चला. आई तुम्हाला विचारतेय."

तो पदकं लावून खाली आला आणि दारात थांबला. "वही?"

"वही नाही आज. जा तू," मी म्हटलं. "त्या दिवशी मी मस्करी केली होती. इथे कोणी काही करत नाही."

"त्या दिवशी खरं बोललीस," तो म्हणाला. "खोटं आज बोलतेस."

मी चौथी शिकलेली. कॅलेंडरचं पान फाडून मागे 'जाऊ द्या' लिहिलं, खाली सही केली. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं. "शिक्का कुठे?"

नातीने हात ओढला तर त्याने कठडा धरला. शेवटी ती रडत एकटीच गेली.

सोमवारी मॅनेजरबाई यायच्या आधीच तो ऑफिसच्या दाराशी उभा होता. नव्या वहीत पहिली सही त्याची. मग बाईंनी फोनवरचा निरोप ऐकून त्याला सांगितलं. मुलगी पहाटे गेली होती.

त्याने पेन पुन्हा उचललं. मग त्याच ओळीत पुढे, परत आल्याच्या रकान्यात, वेळ लिहून दुसरी सही केली आणि वर गेला.

त्याच्या खाली माझी सही आहे. दूध आणायचं होतं.